भाकरीचे गणित आणि जीवनकलह



ग्रंथांचे आयुष्य मोठे विलक्षण असते. एखादा ग्रंथ लिहिला जातो एका कामासाठी आणि उपयोगी पडतो भलत्याच कामाला. गरिबांना सार्वजनिक पैशातून मदत द्यावी की न द्यावी, या वादाच्या धामधुमीत इंग्लंडमधील एका तरुण पाद्र्याने १७९८ साली एक निबंध लिहिला. चाळीस वर्षांनी तो एका निसर्गशास्त्रज्ञाच्या हाती पडला आणि त्यातून जीवसृष्टीच्या उत्क्रांतीचा उलगडा करणारा सिद्धांत निघाला. पुढे तोच सिद्धांत, शास्त्राचा अंगरखा चढवून, गरिबांनाच ऐकविण्यासाठी पुन्हा समाजात आणला गेला. समाजातून निसर्गात आणि निसर्गातून पुन्हा समाजात, अशी ही एका विचाराची ये-जा आहे. तिचा इतिहास आज आम्हांस आपणापुढे मांडावयाचा आहे.

आम्ही प्राणिशास्त्राचे पंडित नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले आणि जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. तथापि हा विषय केवळ पंडितांचा नाही. ज्याला रोज भाकरीचा हिशेब करावा लागतो, त्याचाही तो आहे. कारण या सिद्धांताच्या मुळाशी भाकरीचाच हिशेब आहे.

मॅल्थसचा निबंध

त्या पाद्र्याचे नाव टॉमस रॉबर्ट मॅल्थस. त्याचा जन्म १७६६ सालचा. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली होती आणि युरोपातील विचारी माणसे मोठी स्वप्ने पाहू लागली होती. फ्रान्समध्ये काँदोर्से आणि इंग्लंडमध्ये विल्यम गॉडविन हे लेखक सांगत होते की, मनुष्य बुद्धीच्या बळावर सुधारत जाईल, आणि दारिद्र्य व अन्याय एक दिवस नाहीसे होतील. मॅल्थसचे वडील याच मताचे होते. रूसोचे ते चाहते. बापलेकांत या विषयावर वाद झाला आणि वडिलांना द्यावयाचे उत्तर मुलाने कागदावर उतरविले. तोच हा निबंध. पहिली आवृत्ती निनावी निघाली; १८०३ साली पुष्कळ वाढविलेली दुसरी आवृत्ती त्याने स्वतःच्या नावाने काढली.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. कसलीही आडकाठी नसेल तर लोकसंख्या दर पंचवीस वर्षांनी दुप्पट होते. अन्न मात्र फार तर बेरजेने वाढते. म्हणजे माणसे १, २, ४, ८, १६ अशी वाढणार आणि अन्न १, २, ३, ४, ५ असे. या हिशेबाने दोनशे वर्षांनी माणसे २५६ पट होतील आणि अन्न अवघे ९ पट. अर्थात असे प्रत्यक्षात होत नाही. कारण उपासमार, रोगराई आणि युद्ध ही वाढ रोखून धरतात. दुसऱ्या आवृत्तीत त्याने आणखी एक उपाय सांगितला: गरिबाने लग्न लांबणीवर टाकावे आणि तोवर संयमाने राहावे. संततिनियमनाची साधने मात्र त्याला मान्य नव्हती.

हे गणित दिसायला बिनतोड आहे. पण त्यातील दोन्ही ओळी सारख्या वजनाच्या नाहीत. पंचवीस वर्षांत दुप्पट, हा आकडा त्याने उत्तर अमेरिकेतील वसाहतींवरून घेतला होता. त्याला काही आधार होता. अन्न बेरजेनेच वाढते, याला तसा आधार नव्हता. ज्या अमेरिकेत माणसे पंचवीस वर्षांत दुप्पट झाली, त्या अमेरिकेत अन्नही त्याच वेगाने वाढले असले पाहिजे. नाहीतर ती माणसे जगली कशावर? आमच्या संघटनेतील कोणीही हिशेबनीस हा प्रश्न विचारील.

परंतु मॅल्थसचा रोख गणितापेक्षा निष्कर्षावर होता. इंग्लंडमध्ये गावोगावच्या गरिबांना स्थानिक करातून मदत देण्याची जुनी पद्धत होती. मॅल्थस म्हणाला, ही मदत द्याल तर गरीब लवकर लग्ने करतील, मुले वाढतील, धान्य महागेल आणि दारिद्र्य अधिकच पसरेल. म्हणून दयेचा परिणाम क्रूर होतो. हा युक्तिवाद करभरणाऱ्या वर्गाला फार पटला. १८३४ साली नवा कायदा झाला आणि मदत हवी असेल त्याने वर्कहाउसमध्ये भरती व्हावे, असे धोरण ठरले. तेथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे अशी व्यवस्था असे. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅल्थस वारला.

पहिल्या आवृत्तीतील एक दाखला येथे सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचे काम पडेल. मनुष्याच्या सुधारणेला मर्यादा आहे, हे पटविण्यासाठी मॅल्थसने लेस्टरशायरच्या मेंढ्यांचे उदाहरण दिले होते. निवडून निवडून पैदास केली तर या मेंढ्यांचे डोके आणि पाय लहान करता येतात. परंतु कितीही पिढ्या गेल्या तरी डोके आणि पाय नाहीसे होणार नाहीत. म्हणजे बदल होतो, पण ठरावीक कुंपणापर्यंतच, असे त्याचे मत.

डार्विनच्या हाती

चार्ल्स डार्विन पाच वर्षांचा सागरप्रवास आटोपून १८३६ साली इंग्लंडला परतला. प्राण्यांच्या जाती कायम नसून बदलत जातात, अशी त्याची खात्री होत आली होती. १८३७ पासून तो टिपणवह्या लिहू लागला. पाळीव जनावरांची पैदास करणारे लोक हव्या त्या गुणांची निवड करतात, हे त्याला माहीत होते. अडचण एकच होती: रानात निवड करणारा कोण?

१८३८ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस त्याने मॅल्थसचा निबंध वाचावयास घेतला. त्याच्या हाती होती १८२६ ची सहावी आवृत्ती. मॅल्थस त्या काळी घरोघर चर्चेचा विषय होता. हॅरिएट मार्टिनो ही लेखिका अर्थशास्त्र गोष्टीरूपाने सांगत असे आणि तिचे डार्विनच्या भावाकडे जाणे-येणे होते. तेव्हा हे पुस्तक डार्विनच्या समोर आले यात नवल नाही. नवल आहे ते त्याने त्यात काय पाहिले याचे. २८ सप्टेंबरच्या टिपणात तो लिहितो की, निसर्गात जणू लाखभर पाचरी एकाच वेळी ठोकल्या जात आहेत. एक आत शिरते ती दुसरीला बाहेर ढकलून. रानात निवड करणारा त्याला सापडला होता. जन्मणारे अनेक आणि जगणारे थोडे, हेच ते निवड करणारे बळ.

जीवनकलहाची कल्पना त्याच्याआधी इतर शास्त्रज्ञांनीही मांडली होती. मॅल्थसने दिला तो आकडा, आणि आकड्याने कल्पनेला धार आली. डार्विनचा युक्तिवाद तीन पायऱ्यांचा आहे. एकाच जातीच्या दोन जीवांत लहानमोठे फरक असतात. ते फरक काही अंशी पुढच्या पिढीत उतरतात. आणि जगू शकतील त्याहून कितीतरी अधिक जीव जन्माला येतात. या तीन गोष्टी मान्य केल्या की, ज्यांचा फरक परिस्थितीला अनुकूल, त्यांची संतती अधिक उरणार आणि पिढ्यान् पिढ्या तो फरक साचत जाणार, हे ओघानेच येते. यालाच त्याने नैसर्गिक निवड म्हटले.

डार्विन आकड्यावर थांबला नाही. त्याने तो जमिनीवर तपासला. तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा त्याने खणून मोकळी केली आणि तेथे उगवणाऱ्या रानटी रोपांवर खुणा केल्या. ३५७ रोपांपैकी २९५ गोगलगाईंनी व किड्यांनी फस्त केली. सावकाश वाढणाऱ्या हत्तीचाही त्याने हिशेब मांडला. हत्तीण आयुष्यात सहाच पिले देते असे धरले, तरी एका जोडीपासून पाच शतकांत दीड कोटी हत्ती होतील, असे त्याने पहिल्या आवृत्तीत लिहिले. हा हिशेब चुकला होता. दहा वर्षांनी नियतकालिकातून वाचकांनी ती चूक दाखविली आणि पुढील आवृत्तीत डार्विनने तो सुधारून ७४० ते ७५० वर्षांत सुमारे १ कोटी ९० लाख असा केला. मुद्दा कायम राहिला, आकडा बदलला. शास्त्राची रीत ही अशी. मोठ्या माणसाचा हिशेबही तपासण्याचा हक्क साध्या वाचकाला असतो.

आता त्या मेंढ्यांकडे वळू. मॅल्थसने आपल्या गणिताने सुधारणेला कुंपण घातले होते. डार्विनने तेच गणित घेऊन ते कुंपण मोडले. मॅल्थसच्या दृष्टीने उपासमार हा केवळ लगाम होता. माणसे मरतात आणि सारे पूर्ववत होते. डार्विनने पाहिले की सारे पूर्ववत होत नाही. कोण मेले आणि कोण उरले यात फरक असतो, आणि लक्षावधी वर्षे तो फरक साचला की नवी जात उभी राहते. म्हणून डार्विनने मॅल्थसची नक्कल केली असे जे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे.

दुसरा वाचक

याच पुस्तकाचा दुसरा एक वाचक होता आणि आम्हांस तो विशेष जवळचा वाटतो. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा १८२३ साली जन्मला. घरची परिस्थिती ओढगस्तीची. चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. लंडनमध्ये भावाकडे राहत असता संध्याकाळी तो कामकऱ्यांसाठी चालणाऱ्या हॉल ऑफ सायन्समध्ये व्याख्याने ऐकावयास जाई. तेथे रॉबर्ट ओवेनच्या समाजवादी विचारांचा त्याच्यावर संस्कार झाला. पुढे तो दुसऱ्या भावाबरोबर जमिनीच्या मोजणीचे काम करू लागला. गावाची गायराने कुंपणात जाऊन जमीनदारांची होतात, हे त्याने मोजणीची साखळी हातात धरून पाहिले. १८४४ साली लेस्टर येथे मास्तरकी करीत असता तेथील वाचनालयात त्याने मॅल्थस वाचला.

त्यानंतर चार वर्षे ॲमेझॉनच्या अरण्यात, आणि १८५४ पासून मलाया द्वीपसमूहात, पक्षी व कीटक गोळा करून ते विकणे हाच त्याचा चरितार्थ होता. १८५८ च्या फेब्रुवारीत मोलुक्का बेटांत हिवतापाने अंथरुणास खिळला असता त्याला तेरा-चौदा वर्षांपूर्वी वाचलेला मॅल्थस आठवला. रोग, दुष्काळ आणि युद्ध माणसांना मारतात. जनावरांनाही असेच मरण येते. मग काही मरतात आणि काही उरतात ते का? थंडी वाजत असता त्याला उत्तर सुचले, आणि ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांत त्याने निबंध लिहून डार्विनकडे पाठविला.

तो डार्विनला मिळाला १८ जून १८५८ रोजी. वीस वर्षे ज्यावर तो काम करीत होता, तोच सिद्धांत दुसऱ्याच्या अक्षरात त्याच्या समोर आला. मित्रांनी तोड काढली आणि १ जुलै रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचेही लेखन एकत्र वाचले गेले. त्या सभेला दोघेही नव्हते. डार्विनच्या घरी तीन दिवसांपूर्वी तान्हे मूल दगावले होते, आणि वॉलेस हजारो मैल दूर होता. त्याला कोणी विचारलेही नव्हते. पुढल्या वर्षी, २४ नोव्हेंबर १८५९ रोजी, डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वॉलेसने आयुष्यभर मत्सराचा शब्द काढला नाही. उलट १८८९ साली आपल्या ग्रंथाला त्याने 'डार्विनिझम' हेच नाव दिले.

एक वेजवूड या मातब्बर कारखानदाराचा नातू, दुसरा शाळा सुटलेला मोजणीदार. दोघांच्या हाती एकच पुस्तक पडले आणि दोघांना एकच वाट दिसली. कारखाने, स्पर्धा, गर्दी आणि बेकारी यांनी भरलेल्या त्या इंग्लंडात ही कल्पना हवेतच होती, असे आम्हांस वाटते. कार्ल मार्क्सने १८६२ साली एंगल्सला लिहिलेल्या पत्रात हेच हेरले होते: डार्विनला पशू आणि वनस्पती यांच्यात आपलाच इंग्रजी समाज, त्यातील स्पर्धेसह आणि मॅल्थसच्या झगड्यासह, दिसला. तरीही मार्क्सने डार्विनची थोरवी नाकारली नाही. सिद्धांत कोठून सुचला आणि तो खरा आहे की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नैसर्गिक निवडीला पुढे आनुवंशशास्त्राचा भक्कम आधार मिळाला आहे, आणि आज तर असे मानले जाते की निवड घडण्यास दाटी किंवा उपासमार असलीच पाहिजे असेही नाही. कोणाची संतती अधिक उरते यातील फरक पुरेसा आहे. मॅल्थसची शिडी डार्विनला वर चढण्यास उपयोगी पडली. आता ती काढून घेतली तरी तो खाली पडत नाही.

निसर्गातून परत समाजात

खरी गल्लत झाली ती परतीच्या वाटेवर. हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली 'योग्यतमाचा टिकाव' असा शब्दप्रयोग काढला. वॉलेसच्याच सूचनेवरून डार्विनने तो आपल्या ग्रंथाच्या १८६९ च्या आवृत्तीत स्वीकारला. लोकांनी त्याचा अर्थ घेतला, बळी तो कान पिळी. श्रीमंत तो योग्य म्हणून टिकला आणि गरीब तो अयोग्य म्हणून खाली राहिला, असे आता शास्त्राच्या नावाने सांगता येऊ लागले. एंगल्सने १८७५ सालच्या एका पत्रात या हातचलाखीवर नेमके बोट ठेवले: समाजातील स्पर्धेचा सिद्धांत आधी निसर्गावर लादावयाचा, आणि मग तोच निसर्गातून उचलून समाजाचा सनातन नियम म्हणून दाखवावयाचा.

मॅल्थसचा विचार आपल्याही दारापर्यंत आला होता. आणि तो डार्विनची वाट न पाहता, थेट आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी तरुण इंग्रजांना तयार करणाऱ्या, पुढे हेलिबरी येथे गेलेल्या महाविद्यालयात मॅल्थस १८०५ पासून मरेपर्यंत अर्थशास्त्राचा अध्यापक होता. हिंदुस्थानावर राज्य करणाऱ्यांच्या कित्येक तुकड्या त्याच्या वर्गातून गेल्या. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत भीषण दुष्काळ पडला, तेव्हा व्हाइसरॉय लिटन सांगत होता की येथील लोकसंख्या जमिनीतील अन्नापेक्षा वेगाने वाढते. त्याच काळात या देशातून धान्य परदेशी जात होते. १८७७ च्या आरंभी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी कमी करून दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इतक्यावर आणण्यात आली. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी त्या मजुरीवर काम करण्याचे नाकारले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्या उपाशी माणसांनी मॅल्थस वाचला नव्हता. पण 'तुम्ही फार झालात' या उत्तराला त्यांनी दिलेले ते प्रत्युत्तर होते.

निसर्गशास्त्राच्या बाजूनेही प्रत्युत्तर आले. रशियाचा क्रोपोत्किन तरुणपणी सैबेरियात हिंडला होता. तेथे त्याला जिवांची दाटी दिसली नाही. दिसले ते बर्फ, वादळ आणि विस्तीर्ण ओसाड मुलूख, व त्यात एकमेकांच्या आधाराने जगणारे कळप. १९०२ साली त्याने परस्परसाहाय्यावर ग्रंथ लिहिला आणि दाखविले की टिकून राहण्याचे सहकार्य हेही एक मोठे साधन आहे. वस्तुतः डार्विनने स्वतःच बजावले होते की, 'कलह' हा शब्द आपण व्यापक व लाक्षणिक अर्थाने वापरतो. वाळवंटाच्या कडेचे रोप दुष्काळाशी झगडते तेही त्यात आले. आणि १८७१ च्या ग्रंथात त्याने लिहिले की, ज्या टोळीतील माणसे एकमेकांच्या मदतीला धावतात, ती टोळी इतरांवर मात करते. हे वाक्य कारखानदारांच्या भाषणांत आम्ही कधी ऐकले नाही.

वॉलेसचे काय झाले? मॅल्थसच्या पुस्तकातून सिद्धांत काढणारा हाच माणूस १८८१ साली जमिनीच्या राष्ट्रीयीकरणासाठी निघालेल्या संस्थेचा अध्यक्ष झाला आणि पुढे त्याने स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवून घेतले. त्याचे म्हणणे असे की, वारसाहक्काने काहींना सारे आणि काहींना काहीच मिळत नाही, तोवर कोण योग्य आणि कोण अयोग्य हे ठरविण्याचा अधिकार कोणासही नाही.

आजचा हिशेब

मॅल्थसच्या वेळी जगात सुमारे शंभर कोटी माणसे होती. २०२२ साली ती आठशे कोटी झाली. त्याच्या हिशेबाने आज सर्वत्र उपासमारच हवी होती. परंतु १९१३ पासून हवेतील नायट्रोजनाचे खत कारखान्यात होऊ लागले, बियाणे सुधारले, आणि १९६१ नंतर जगातील धान्योत्पादन तिपटीहून अधिक झाले. त्या काळात लोकसंख्या तिप्पटही झाली नाही. त्याचा दुसरा अंदाजही फसला. मजुरी वाढली की गरीब अधिक मुले जन्माला घालतील, असे तो म्हणे. घडले ते उलट. मुले जगू लागली, मुली शिकू लागल्या आणि कुटुंबे आपोआप लहान झाली. भारतात २०१९ ते २०२१ च्या पाहणीत दर स्त्रीमागे सरासरी दोनच मुले आढळली.

हे लक्षात न घेतल्याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, ते स्त्रीला स्वतःच्या शरीरावर अधिकार मिळावा म्हणून. आणि त्यासाठी त्यांनी समाजाचा रोष सोसला. १९७६ साली मात्र आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही. पण १९७६-७७ या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि धाकदपटशाचा मार गरिबांवर पडला. साधन तेच, पण एक वाट माणसाला निवड देते, दुसरी त्याची संख्या मोजते.

पृथ्वीला मर्यादा नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. पाणी, माती आणि हवा यांना मर्यादा आहेतच, आणि आज तापणाऱ्या हवामानात त्या अधिकच जाणवतात. पण वाटेकरी किती आहेत हे विचारताना, कोणाच्या पानात किती पडले आहे हेही विचारावे लागते. वेतनाच्या बोलण्यांत 'बाहेर कंत्राटी माणसे रांगेत उभी आहेत, हा निसर्गाचाच नियम' असे कोणी म्हणाले, तर त्याला दोन गोष्टी सांगाव्यात. रोपांच्या तुकड्यावर कोण जगेल हे गोगलगाय ठरविते. कारखान्यात किती माणसे लागतील, किती तास आणि किती पगारावर, हे माणसे ठरवितात. आणि जे माणसांनी ठरविले, ते माणसांना एकत्र बसून बदलता येते.

डार्विन आणि वॉलेस यांनी दिलेला सिद्धांत आपण सर्वांनी शिकावा, मुलांना शिकवावा. त्याची भीती धरण्याचे कारण नाही. भीती धरावी ती त्याच्या नावाने आपल्या ताटातील भाकरी मोजणाऱ्यांची.